निरोगी, क्रमांक अकरा

संशोधन विभागातल्या कारकुनाचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं, तिथून हे सगळं सुरू झालं.

कारकून दिसायला काडीपहिलवान, पण त्याचं रक्त खणखणीत होतं. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी तो बाही वर सारून प्रयोगशाळेच्या दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "चला, डास जागे झाले का?" त्याच्या हातातून दोन नळ्या रक्त काढलं की मगच त्या दिवशीचं काम सुरू व्हायचं. अभ्यास होता आजारी माणसांचा, आणि आजारी माणूस नेमका किती आजारी आहे हे कळायला शेजारी एक धडधाकट लागतोच.

ते काम थोरली करायची. घरात दोन भावंडांतली मोठी म्हणून आईबाबा तिला थोरली म्हणायचे. आपणही तेच म्हणू. वय छत्तीस. लग्नाच्या भानगडीत पडली नव्हती. बारा वर्षं त्याच एका खोलीत पांढरा कोट घालून ती रक्त हाताळत होती, आणि तिच्या हातून एक नळी कधी इकडची तिकडे झाली नव्हती. त्या खोलीत हीच तिची इभ्रत होती.

काम समजायला अवघड नाही. आपल्या रक्तात काही पेशी असतात. विषाणू शिरलेली किंवा बिघडलेली पेशी दिसली की तिला ठार करायचं, एवढंच त्यांचं काम. कोणाच्या हुकमाची त्या वाट बघत नाहीत. पुस्तकात त्यांना नैसर्गिक मारक पेशी म्हणतात. खोलीत सगळे 'मारेकरी' म्हणायचे. ज्यांना वर्षातून चार-चारदा नागीण उठते, साध्या कांजिण्यांनी जे मरता मरता वाचतात, त्यांचे मारेकरी कमी पडतात का, हे तपासायचं होतं. त्यासाठी थोरली रक्तातून त्या पेशी वेगळ्या काढायची, आणि बाटलीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींबरोबर एका नळीत सोडायची. नळी शरीराइतक्याच उबेच्या कपाटात चार तास ठेवायची. मग यंत्रातून एकेक पेशी पुढे सरकायची आणि पडद्यावर ठिपका उमटायचा. जिवंत डावीकडे, मेलेली उजवीकडे. कारकुनाचे मारेकरी शंभरातल्या अडतीस-चाळीस मारायचे. रुग्णांचे दहा, बारा, कधी पंधरा.

रक्त त्याच दिवसाचं, ताजं लागायचं. शिळ्या रक्तातले मारेकरी सुस्तावतात. कारकून दीड महिना येणार नव्हता, आणि सोमवारी दोन रुग्ण ठरलेले होते. थोरलीने भावाला फोन लावला.

भाऊ तिच्याहून पाच वर्षांनी धाकटा. तान्हा असताना इतका गुबगुबीत होता की बाबांनी टबात सोडला की तरंगायचा, म्हणून नाव पडलं भोपळ्या. पुढे तो सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवू लागला, तेव्हा ते नाव त्याला आणखीच शोभलं. खांदे असे की दारातून आत येताना तिरका व्हायचा. आता बाबा नव्हते; आई, बायको आणि चार वर्षांची मुलगी असं त्याचं घर थोरलीच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे होतं.

"मला सुईची भीती वाटते," सोमवारी तो प्रयोगशाळेच्या दारातच म्हणाला.

"मग डोळे मिट."

"मिटले तर पडेन. तुझ्या त्या बरण्यांवर पडलो तर?"

"भोपळ्या, बस गुमान."

तो बसला. रक्त काढण्याआधी फॉर्म भरावा लागतो. थोरली एकेक रकाना वाचून दाखवत होती आणि तो मान डोलावत होता. शेवटच्या रकान्यात विचारलं होतं: तपासणीत तुमच्या प्रकृतीविषयी काही अनपेक्षित आढळलं, तर तुम्हाला कळवावं का?

"नको," तो म्हणाला.

"नीट विचार कर."

"केला. मी ठणठणीत आहे तोवर ठणठणीत आहे. तुम्ही लोक शोधायला बसलात की सापडणारच काहीतरी. उगाच माझी झोप उडवायची." त्याने 'नको'वर अशी ठसठशीत खूण केली की कागद फाटायचाच बाकी राहिला. मग सही केली. थोरलीने नळ्यांवर चिठ्ठी लावली. नियमाप्रमाणे नाव नाही. निरोगी, क्रमांक अकरा.

दुपारी अडीचला ती यंत्रासमोर बसली. आधी रुग्णांच्या नळ्या लावल्या. एकाचा आकडा बारा, दुसऱ्याचा चौदा. नेहमीसारख्याच. मग अकरा क्रमांकाची नळी. ठिपके डावीकडे जमू लागले. दाट, काळा पुंजका. उजवीकडे एखाददुसरा. ती वाट बघत राहिली. यंत्र थांबलं. आकडा आला, एक पूर्णांक सहा.

मारेकरी घातलेच नव्हते अशी एक नळी ती रोज तुलनेसाठी ठेवायची. कर्करोगाच्या काही पेशी आपोआपही मरतात, तो हिशोब धरायला. त्या नळीचा आकडा होता एक पूर्णांक पाच.

थोरलीच्या मनात पहिल्यांदा स्वतःविषयी शंका आली. आपण मारेकरी घालायलाच विसरलो. तिने नळी पुन्हा तपासली. मारेकरी होते. चांगले भरपूर होते, कारकुनाच्या नळीत असायचे त्याहून जास्तच. ते शत्रूला चिकटून बसले होते आणि काहीही करत नव्हते.

डॉक्टरबाईंना तिने तो आकडा दाखवला तेव्हा 'निरोगी, अकरा' एवढंच सांगितलं. या डॉक्टरबाई म्हणजे अभ्यासाच्या प्रमुख. साठीच्या, बुटक्या, चष्मा कपाळावर चढवून शोधत बसणाऱ्या. आकडा बघितल्यावर त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"रक्त पुन्हा घे. या खेपेला तुझंही घे, आणि माझंही. सगळं एकत्र लाव."

"काही चुकलं असेल, मॅडम."

"चुकलं असेल तर देव पावला," बाई म्हणाल्या.

भावाला पुन्हा बोलवायला काहीतरी कारण लागणार होतं. "नळी फुटली," थोरलीने फोनवर सांगितलं. बारा वर्षांत तिच्या हातून नळी फुटली नव्हती. तो हसत सुटला. गुरुवारी आला तेव्हा थोडा खोकत होता.

"काय झालं?"

"काही नाही गं. तलावातलं औषध नाकातोंडात जातं."

तिने त्याच्या कपाळाला हात लावला. गार होतं. "आईसारखं काय करतेस?" तो म्हणाला.

त्या दुपारी चार नळ्या लागल्या, चौथी नेहमीची बिनमारेकऱ्यांची. डॉक्टरबाईंचे मारेकरी, साठाव्या वर्षी, पस्तीस. थोरलीचे स्वतःचे अठरा. भावाचे एक पूर्णांक चार. मग बाईंनी सांगितलेली दुसरी चाचणी तिने केली. मारेकरी पेशी शत्रूला भोक पाडून मारते, आणि भोक पाडायचं प्रथिन ती आपल्या पोटात साठवून ठेवते. त्या प्रथिनाला रंग चढवला की पडद्यावर पेशी उजळतात. बाईंच्या पेशी लखलखल्या. थोरलीच्या मंद उजळल्या. भावाच्या पेशींची जागा काळीच राहिली.

"पहारेकरी जागेवर आहेत," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "बंदुका पण आहेत. गोळ्याच नाहीत." मग थोरलीकडे न बघता त्यांनी विचारलं, "अकरा क्रमांक तुझा कोण लागतो?"

"भाऊ."

बाईंनी खुर्ची ओढली आणि तिला बसवलं. जन्मापासूनचा दोष असणार, त्या म्हणाल्या. आईकडून जनुकाची एक बिघडलेली प्रत, बाबांकडून एक. तुझ्याकडे एकच आली, म्हणून तुझं निम्म्यावर भागतं. त्याच्याकडे दोन्ही. अशी मुलं बहुतेक लहानपणीच जातात. क्वचित एखाद्याच्या प्रतीत किंचित जीव उरलेला असतो, मग तो वीस-तीस वर्षं काढतो. तोवर काहीच दिसत नाही. एक दिवस कुठला तरी साधा ताप येतो. विषाणू शिरलेल्या पेशी मरत नाहीत, म्हणून शरीरातली धोक्याची घंटा बंदच होत नाही. बाकीच्या पेशी पिसाळतात आणि स्वतःचंच रक्त खायला लागतात.

"कुठला ताप?"

"कुठलाही. शाळेतून येणारा. बसमधून येणारा." बाईंनी कागद बाजूला सारला. "तुमच्या घरात लहानपणी कोणी मूल गेलंय?"

"नाही. मीच थोरली."

"आईला विचार."

थोरली उठली. "मी आत्ताच भावाला जाऊन सांगते."

"नाही सांगायचं." बाईंनी फॉर्म काढला आणि त्या ठसठशीत खुणेवर बोट ठेवलं. "त्याने नको म्हटलंय. हे त्याचं रक्त आहे, तुझं नाही. मी समितीला लिहिते. जिवाला धोका आहे, तर त्याला पुन्हा एकदा विचारायची परवानगी देतील. समितीने हो म्हटलं की आपण दोघी जाऊ."

"समिती कधी बसते?"

"तीन आठवड्यांनी. मी घाई करते."

थोरलीने फॉर्म परत फायलीत ठेवला. नियम तिला नवा नव्हता. इतर कोणाच्या बाबतीत तिनेच तो दुसऱ्यांना ऐकवला असता.

रविवारी ती आईकडे गेली. भाऊ तलावावर होता, भावजय मुलीला घेऊन बाजारात. आई पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. थोरलीनेही एक टॉवेल उचलला.

"आई, माझ्या आधी कोणी होतं का?"

आईने उशीचा अभ्रा झटकला. दुमडला. पुन्हा उलगडला.

"तुला कोण बोललं?"

"कोणी नाही. विचारतेय."

"मुलगी होती," आई म्हणाली. "सात महिन्यांची झाली होती. बसायला लागली होती. ताप आला. साधा ताप, सगळ्यांच्याच मुलांना आला होता त्या वर्षी. बाकीची बरी झाली. हिचं पोट असं फुगलं, टणक. अंगावर निळे डाग. आम्ही मारलं असं वाटावं असे. डॉक्टर माझ्याकडे तसंच बघत होता." आईचा आवाज अगदी सपाट होता. "नऊ दिवस. मग तुझे बाबा म्हणाले, आता घरात हा विषय नको. तू झालीस तेव्हा त्यांनीच तुला थोरली म्हणायला सुरुवात केली. मी काही बोलले नाही."

"तुम्ही दोघं नात्यातले होता का?"

"लांबचे. माझी आजी आणि त्यांची आजी सख्ख्या बहिणी. पण त्याचं काय?" आणि मग आईने घडी खाली ठेवली. "काय झालंय? कोणाला काय झालंय?"

"कोणाला काही नाही."

ही दुसरी थाप होती. आईने ती ओळखली की नाही कोण जाणे, पण त्या दिवसापासून तीही भोपळ्याकडे बघू लागली. तो जेवताना बघायची, बूट घालताना बघायची. दोघीजणी एकाच माणसावर पाळत ठेवून होत्या आणि एकमेकींशी त्यातलं अक्षर बोलत नव्हत्या.

थोरली रोज काही ना काही निमित्त काढून जायची. मुलीला नर्सरीत सर्दी होऊन तिच्या नाकातून धार लागलेली, आणि ती बापाच्या मांडीवर चढून त्याच्याच ताटातलं खायची. थोरली तिला उचलून बाजूला घ्यायची. दारातून कोणी आत आलं की म्हणायची, "हात धुतलेस?" भावजय कुरबुरली. "ताई, तुमच्या प्रयोगशाळेचं भूत घरी आणू नका हं," ती हसत म्हणाली, पण ते हसणं वरवरचं होतं. एकदा थोरलीने भावाला सुचवलं, चार दिवस रजा घे, तलावात फार पोरं असतात. तो बघतच राहिला.

"पोरं नसतील तर शिकवू कोणाला, माशांना?"

तो उड्या मारत होता, जिने चढत होता, मुलीला खांद्यावर घेऊन धावत होता. थोरलीला त्याच्याकडे बघितलं की पडद्यावरचा तो काळा पुंजका दिसायचा. कधी वाटायचं, आकडाच खोटा असेल. मग ती कामावर जायची, आणि यंत्र रोज खरं बोलायचं. समितीच्या दोन सदस्यांनी कागद वाचले होते, तिसरे गावाला गेले होते. "आले की लगेच," डॉक्टरबाई म्हणायच्या.

पंधराव्या दिवशी भावजयीचा फोन आला. "ताई, ह्यांना ताप आहे. तुम्ही घाबरता म्हणून सांगणार नव्हते. मुलीचाच आलाय, व्हायरल."

"किती?"

"एकशे दोन."

"दवाखान्यात न्या."

"अहो, गोळी दिलीय. उतरेल."

ताप उतरला नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या डॉक्टरने औषध बदललं. तिसऱ्या दिवशी एकशे चार झाला आणि त्याला जवळच्या रुग्णालयात भरती केलं. थोरलीने तिथल्या नर्सला विचारून रोजचे रिपोर्ट बघितले. पांढऱ्या पेशी खाली. प्लेटलेट आदल्या दिवशी एक लाख वीस हजार, आज सत्तर हजार. तिने डॉक्टरबाईंना फोन केला. बाई परिषदेसाठी परगावी होत्या, फोन बंद. तिने निरोप ठेवला. समितीच्या कार्यालयात फोन केला. तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, "विषय पटलावर घेतलाय."

ऐन दुपारी, एकोणिसाव्या दिवशी, थोरली वॉर्डात गेली. तिसऱ्या मजल्यावरची लांब खोली, सहा खाटा, खिडकीजवळ भोपळ्या. त्याचे ओठ फाटले होते. आई उशाशी बसून त्याच्या कपाळावर ओला रुमाल ठेवत होती, भावजय पायाशी. थोरलीने चादर सारली आणि त्याच्या डाव्या बरगडीखाली हात दाबला. तिथे मऊ लागायला हवं होतं. तिच्या बोटांना एक टणक कड लागली, पार बेंबीपर्यंत आलेली. आई तिच्या हाताकडे बघत होती. आईने रुमाल पिळायचा थांबवला.

वॉर्डाचा डॉक्टर फेरीवर आला. तरुण, दमलेला, शर्टावर शाईचा डाग.

"डॉक्टर, यांचं फेरिटिन तपासा. आज, आत्ता."

"आपण कोण?"

"बहीण."

"बाई, डेंग्यूची चाचणी पाठवलीय. व्हायरलमध्ये प्लेटलेट उतरतात. इंटरनेटवर वाचून घाबरू नका."

"मी इंटरनेटवर वाचलेलं नाही," थोरली म्हणाली. तिचा आवाज चढला आणि शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. "त्याच्या मारक पेशी मारत नाहीत. एकसुद्धा मारत नाहीत. मी स्वतः मोजल्यात, दोनदा. प्लीहा किती फुगलीय बघा, पोटाला हात लावून बघा. त्याला स्टिरॉइड द्यावं लागेल, मोठ्या रुग्णालयात हलवावं लागेल, नाहीतर तो चार दिवसांत जाईल. आमच्या घरात असंच एक मूल गेलंय."

डॉक्टरने पुढे होऊन पोटाला हात लावला आणि तो हात तिथेच राहिला. मग तो वळून नर्सला काहीतरी भराभर सांगू लागला.

भावाने डोळे उघडले होते.

"ताई."

"बोलू नकोस."

"तुला किती दिवस माहीत होतं?"

तिला तिसरी थाप मारता आली असती. "एकोणीस," ती म्हणाली.

"नळी फुटली म्हणालीस, तेव्हापासून?"

"त्याच्याही आधीपासून."

त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. भावजय पायाशी उभी होती. तिला मघाशी बोललेल्यातलं अर्धंच कळलं होतं, पण एकोणीस हा आकडा कळला होता. "आणि तुम्ही रोज घरी येऊन नुसतं हात धुवायला सांगत होतात?" ती म्हणाली. "आणि मी हसत होते."

थोरलीकडे उत्तर होतं. त्याने केलेली ती खूण. पण तापाने फणफणलेल्या माणसाच्या खाटेशी उभं राहून ते उत्तर देणं तिला जमलं नाही.

फेरिटिन, म्हणजे शरीरात अशी आग भडकली की रक्तात चढणारं प्रथिन, निरोगी माणसात दोन-तीनशे असतं. त्याचं एकोणतीस हजार आलं. संध्याकाळच्या आत त्याला मोठ्या रुग्णालयात हलवलं, स्टिरॉइड सुरू झालं, दुसऱ्या दिवशी पेशी मारणारं कडक औषध. डॉक्टरबाई परिषद सोडून थेट विमानतळावरून आल्या आणि तिथल्या डॉक्टरांशी तासभर बोलल्या. सहा दिवस तो अतिदक्षता विभागात होता. अंगावर निळे डाग उठले. ते बघून आई बाहेरच्या बाकावर येऊन बसली आणि पुन्हा आत गेली नाही. "मी हे एकदा बघितलंय," एवढंच म्हणाली.

त्याच दिवसांत समितीचं पत्र आलं. 'सहभागी क्रमांक अकरा यांना माहिती हवी आहे का, हे पुन्हा विचारण्यास हरकत नाही.' डॉक्टरबाईंनी ते थोरलीला दाखवलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

"तू नियम मोडलास," त्या म्हणाल्या. "चौकशी होईल. मला तुझ्या बाजूने बोलता येईल, पण या अभ्यासात ठेवता येणार नाही."

"मी उशिरा मोडला, मॅडम."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "पहिल्याच दिवशी मोडला असतास तर मीच तुला काढलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि मी बरोबर असते. हेच मला गिळवत नाही."

थोरलीची बदली साध्या रक्ततपासणीच्या खोलीत झाली. कारकून ऑपरेशनहून परतला, तेव्हा त्याचं रक्त घ्यायला तिथे दुसरीच मुलगी होती.

सातव्या दिवशी ताप उतरला. डॉक्टरांनी सांगितलं, हा विसावा आहे, सुटका नाही. दुसऱ्याची अस्थिमज्जा दिल्याशिवाय नवे मारेकरी येणार नाहीत. बहिणीची जुळली. तिच्यातही एक प्रत बिघडलेली होती, पण निम्म्यावर माणूस जगतो हे तिने छत्तीस वर्षं जगून दाखवलंच होतं. तिच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली त्या सकाळी भावजय तिच्या खाटेशी आली, उशी सरळ केली आणि गेली. त्या दोघींत पुढे भांडण कधी झालं नाही, पण मोकळेपणाही परत आला नाही.

भाऊ काचेच्या खोलीत सात आठवडे होता. खांदे उतरले, केस गेले, आवाज बारीक झाला. थोरली काचेपलीकडे उभी राहायची. पहिले कित्येक दिवस तो नुसती मान हलवायचा. मग एक दिवस त्याने आतला फोन उचलला.

"मीच नको म्हटलं होतं ना गं?"

"हो."

"मग चिडू कोणावर? आधी तुझ्यावर चिडलो. मग माझ्यावर. आता दमलो." तो म्हणाला, "तू सांगितलं असतंस तर मी तो खुळचटपणा समजून हसलो असतो. पण तरी सांगायला हवं होतंस."

ती हो म्हणाली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

तो घरी आला तेव्हा त्याच्यासाठी मागची खोली रिकामी केली होती. पडदे काढले, गालिचा काढला, भिंती धुतल्या. नवे मारेकरी आले होते, पण थोडे होते आणि औषधांनी दाबलेले होते. वर्षभर जपा, डॉक्टरांनी बजावलं. तलावावर त्याच्या जागी दुसरा शिक्षक आला होता. आई त्याचं ताट उकळत्या पाण्यातून काढायची. भावजय दिवसातून चारदा ताप मोजायची आणि आकडा बघेपर्यंत श्वास धरून ठेवायची.

तिसऱ्या आठवड्यात दुपारी थोरली तिथेच होती. मुलगी नर्सरीतून आली, दप्तर टाकलं आणि नेहमीसारखी बापाच्या खोलीकडे धावली. तिचे गाल लालबुंद होते. थोरलीने तिला वाटेत धरलं. दंडाला हात लागताच तिला कळलं. भावजय स्वयंपाकघरातून धावत आली, मुलीच्या कपाळाला हात लावला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा!" मुलगी ओरडली आणि तिला शिंक आली.

आतून पावलं ऐकू आली. दाराची कडी लागली, मग वरचा बोल्टही.

"ताई," दाराआडून भावाचा आवाज आला, "तिला तुझ्याकडे ने. बरी होईपर्यंत आणू नकोस."

"बाबा दार उघड ना," मुलगी म्हणाली. तिने दोन्ही हातांनी दार ढकललं. दार हललं नाही. पलीकडून तो पाठ लावून उभा होता. "बाबा, मी काय केलं?"

"काही नाही केलंस, राणी. आत्याकडे जा. शहाणी ना तू?"

थोरलीने तिला उचललं. पोर रडून रडून तापलेली, खांद्यावर निखाऱ्यासारखी लागत होती. जिना उतरताना तिला वरून भावजयीचा आवाज ऐकू आला, ती दाराशी उभी राहून विचारत होती, "अहो, सकाळी तिने तुमच्या गालाचा पापा घेतला होता का? आठवा ना. घेतला होता का?"

उत्तर यायला वेळ लागत होता. थोरली जिन्यात थांबली नाही.